काढून टाकलेली पानं गूगलमधून जात का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचनालयाच्या वेबसाइटवरून दोन महिन्यांपूर्वी जुन्या कार्यक्रमांची पानं, वार्षिक सभेच्या सूचना अशी ऐंशी पानं आणि सभासदांची एक पीडीएफ यादी काढून टाकली. यादीत नावं, पत्ते आणि मोबाइल नंबर होते. साइट वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, पुढे क्लाउडफ्लेअर (सर्व्हर आणि वाचक यांच्या मध्ये बसून फाइलींच्या प्रती देणारी सेवा) लावलेलं आहे. सगळं डिलीट केलं तरी गूगलवर एखाद्या सभासदाचं नाव टाकलं की ती यादी अजून वर येते. साइट बनवून देणाऱ्या मुलाने रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी साइटवर कुठे यायचं नाही ते सांगणारी robots.txt) त्या यादीचं फोल्डर बंद केलं, आणि न सापडणारं प्रत्येक पान मुखपृष्ठाकडे वळवणारं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. तरी फरक नाही.

आधी त्या मुलाने केलेल्या या दोन्ही गोष्टी मागे घ्या. दोन्ही चांगल्या हेतूने केल्यात, सगळीकडे असंच करतात, आणि त्याच दोन्हींमुळे तुमची यादी अजून गूगलच्या नोंदीत टिकून आहे.

गूगलवर दिसतं ती तुमची साइट नसते. गूगलच्या बॉटने, म्हणजे वेबपानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने, मागे कधीतरी येऊन पाहिलेल्या पानाची ती नोंद असते. मतदार यादीचं जसं असतं तसंच. माणूस बिऱ्हाड हलवून गेला म्हणून यादीतलं नाव आपोआप कटत नाही. पडताळणीला आलेल्याला दारात उभं राहून 'ते इथे राहत नाहीत' हे ऐकावं लागतं. तुम्ही पान डिलीट केलंत हे गूगलला कुणी कळवत नाही. बॉट परत येईल, तो पत्ता मागेल, तुमचा सर्व्हर 'असं पान नाही' असं स्पष्ट सांगेल, तेव्हाच ती नोंद जाते. रोबोट्स फाइलमधली बंदी म्हणजे पडताळणीला आलेल्याला वॉचमनने फाटकावरूनच परत पाठवणं. आणि मुखपृष्ठाकडे वळवणं म्हणजे दार उघडणाऱ्याने भलत्याच घराकडे बोट दाखवणं.

रोबोट्स फाइलबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. डच संगणक अभियंते मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ही पद्धत सुचवली, २०२२ मध्ये तिला आरएफसी ९३०९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने अधिकृत रूप मिळालं. पण पहिल्यापासून तिचा अर्थ एवढाच आहे: 'या भागात येऊ नका.' 'इथलं जे तुमच्याकडे आधीच आहे ते फेकून द्या' असा तिचा अर्थ कधीच नव्हता. बॉट आज्ञाधारक असेल तर येणं थांबवतो. न आल्यामुळे पान गेल्याचं त्याला कळत नाही. त्या पत्त्याकडे बाहेरून कुणी लिंक दिलेली असेल, तर पान न वाचताही गूगल तो पत्ता निकालात ठेवू शकतं. वर्णनाची ओळ नसलेले, 'या पानाबद्दल माहिती उपलब्ध नाही' अशा अर्थाचा मजकूर असलेले निकाल तुम्ही पाहिले असतील. ते असेच तयार होतात. सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठी गूगलने दिलेल्या साधनात, त्यांच्यासाठी 'इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स' (नोंद आहे, पण आत यायला बंदी) असा वेगळा रकानाच आहे. आणखी एक, जुन्या यूट्यूब व्हिडिओंवर विसंबून रोबोट्स फाइलमध्ये 'नोइंडेक्स', म्हणजे 'याची नोंद ठेवू नका' ही सूचना, लिहू नका. गूगलने ती सोय १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केली आहे. पानाच्या आत लिहिलेला नोइंडेक्स अजून चालतो, पण तो वाचायलाही बॉटला आत यावंच लागतं.

तेव्हा पहिलं काम, रोबोट्स फाइलमधली ती ओळ काढा.

दुसरं काम सर्व्हरच्या उत्तराचं. यात जास्त वेळ घालवावा लागेल, आणि घालवा. ब्राउझर जेव्हा एखादा पत्ता मागतो तेव्हा पानासोबत सर्व्हर एक तीन अंकी आकडाही पाठवतो. आपल्याला तो दिसत नाही, बॉट आधी तोच पाहतो. २०० म्हणजे पान आहे, घ्या. ३०१ म्हणजे कायमचं दुसरीकडे गेलं. ४०४ म्हणजे सापडत नाही. ४१० म्हणजे होतं, पण आता मुद्दाम काढलं आहे. तुम्हाला हवाय ४०४ किंवा ४१०. या दोघांपैकी कोणता, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. ४१० ने नोंद किंचित लवकर जाते, पण फरक इतका थोडा आहे की त्यासाठी डेव्हलपरला वेगळे पैसे देऊ नका. वर्डप्रेस स्वतःहून ४०४ देतं, तेवढं पुरे. फुकटात ४१० देता येत असेल तर द्या.

घोटाळा होतो तो '२०० देऊन ४०४ सांगण्याचा'. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'क्षमस्व, हे पान सापडले नाही' असं येतं, पण आतला आकडा २०० असतो. माणूस ओळ वाचतो, बॉट आकडा वाचतो. गूगलला असे प्रकार बऱ्याचदा मजकुरावरून ओळखता येतात, आणि ते त्यांना 'सॉफ्ट ४०४' म्हणतात. पण ओळखण्याची हमी नाही, आणि ओळखेपर्यंत वेळ जातो. तुमच्या त्या प्लगइनचंही असंच. ऐंशी जुनी पानं एकाच मुखपृष्ठाकडे वळवली की गूगल बहुधा त्यांनाही सॉफ्ट ४०४ समजतं, कारण सभासद यादीचा आणि मुखपृष्ठाचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे शेवटी तिथेच पोचायचं, फक्त लांबच्या रस्त्याने. शिवाय जुनी लिंक उघडून आलेल्या वाचकालाही कळत नाही की आपण मागितलेलं गेलं कुठे. ते प्लगइन काढून टाका.

आकडा तपासायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा, एफ१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा, मग जुना पत्ता टाका. यादीतल्या पहिल्याच ओळीत 'स्टेटस'खाली आकडा दिसेल. इन्कॉग्निटो यासाठी, की तुमच्या ब्राउझरने जुनं पान साठवून ठेवलं असलं तर तो तुम्हाला फसवतो. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) वापरता येत असेल तर तिथल्या 'कर्ल' या आज्ञेने फक्त हेडर, म्हणजे पानाआधी येणारी माहिती, मागा, उत्तर आणखी स्वच्छ मिळतं. पहिल्या ओळीत ३०१ दिसला तर तिथे थांबू नका, तो कुठे नेतो आणि शेवटी कोणता आकडा येतो ते पाहा.

आता तुमच्या साइटचं खास दुखणं. तुम्ही लिहिलंय की २०१८ च्या सभेचं काढलेलं पान उघडलं तर २०१९ च्या सभेचं पान उघडतं, आणि हे कुणी केलं ते कळत नाही. कुणीच केलेलं नाही, हे वर्डप्रेसने केलंय, आणि त्याला मराठी कारणीभूत आहे.

वर्डप्रेस पानाच्या शीर्षकावरून पत्ता बनवतं. देवनागरी अक्षर पत्त्यात जसंच्या तसं जात नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, वेलांटी, हलन्त, हे सगळं टक्के चिन्हाच्या सांकेतिक रूपात बदलतं आणि एकेक चिन्ह नऊ जागा खातं. पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेस २०० जागा देतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'वार्षिक सर्वसाधारण सभा २०१८' हे शीर्षक घ्या. पहिल्या तीन शब्दांत २० चिन्हं, म्हणजे १८० जागा, मधल्या दोन मोकळ्या जागा धरून १८२. सालाच्या आधीची आणखी एक मोकळी जागा धरली की १८३. उरलेल्या जागेत २०१८ मधला फक्त पहिला '२' बसतो, बाकीचं कापलं जातं. २०१९ च्या सभेचंही तेच होतं. दोन्ही पत्ते सारखे झाल्यावर वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेवटी इंग्रजी २ जोडतं, तिसऱ्याला ३. पत्त्यावरून कुठल्या वर्षाचं पान ते ओळखणं अशक्य. इंग्रजी शीर्षकाच्या साइटवर हे सहसा होत नाही, त्यामुळे इंग्रजी ब्लॉगांवर याचा उल्लेखही सापडायचा नाही.

आता मूळ पान डिलीट झालं. कुणी तो पत्ता मागितला की वर्डप्रेस लगेच ४०४ देत नाही. आधी 'याच अक्षरांनी सुरू होणारं दुसरं काही आहे का' असा अंदाज घेतं, आणि सापडलं तर तिकडे ३०१ ने पाठवतं. तुमचा कापलेला पत्ता दुसऱ्या वर्षाच्या पत्त्याची सुरुवातच आहे, त्यामुळे अंदाज हमखास लागतो, आणि हमखास चुकतो. गूगलला निरोप जातो की २०१८ ची सभा कायमची २०१९ च्या पानावर गेली. वर्डप्रेस ५.५ पासून हा अंदाज बंद करायची सोय आहे. त्या फिल्टरचं नावच 'डू रीडायरेक्ट गेस ४०४ पर्मालिंक' असं आहे, त्याला 'फॉल्स' दिलं की झालं. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये एका ओळीचं काम आहे, साइट बनवणाऱ्या त्या मुलाला एवढं सांगितलं तरी कळेल. आणि इथून पुढे मराठी शीर्षक ठेवा, पण पत्त्याचा भाग हाताने, छोट्या रोमन अक्षरांत लिहा. शुद्धतेच्या आग्रहाखातर देवनागरी पत्ता ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण साल तरी पुढे आणा.

पत्त्यांवरून आणखी एक गोष्ट, पुढे उपयोगी पडेल. गूगलला एखादा पत्ता कळवताना तो कधीही टाइप करू नका, निकालातून कॉपी करा. 'तिसऱ्या' मधला 'ऱ्या' दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा असतो. एका कीबोर्डवर लिहिलेला पत्ता दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केला की जुळत नाही, आणि मग 'विनंती केली पण काही झालं नाही' अशी तक्रार येते. रोमन पत्त्यातही कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं. शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, प्रश्नचिन्हानंतर काही जोडलंय का, तेही पाहा.

पीडीएफ यादीकडे येतो, कारण खरी घाई तिचीच आहे. ती तुम्ही डिलीट केली म्हणता, पण कुठून? पानावरची लिंक काढणं म्हणजे फाइल काढणं नाही. वर्डप्रेसमध्ये पान डिलीट केलं तरी त्याला जोडलेल्या फाइली अपलोड्स फोल्डरमध्ये तशाच राहतात आणि थेट पत्त्याने उघडतात. मीडिया लायब्ररीत जाऊन ती फाइल 'कायमची डिलीट' करावी लागते. कुणी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून नुसती पीडीएफ उडवली असेल, तर आणखी एक अडचण आहे. वर्डप्रेस ४.७ पासून, सर्व्हरवर तशी सोय असेल तर, पीडीएफ चढवताना तिच्या पहिल्या पानाचं चित्र बनवून शेजारी ठेवतं, दोन-तीन आकारांत. पीडीएफ गेली, पण पहिल्या पानावरची नावं आणि नंबर जेपीजी होऊन तिथेच बसलेत, असं होऊ शकतं. फोल्डर उघडून बघा.

त्यानंतर क्लाउडफ्लेअर. ते साधी वेबपानं सहसा साठवत नाही, पण पीडीएफ आणि चित्रं ठरावीक काळ स्वतःकडे ठेवतं. तुमच्या सर्व्हरवरून फाइल गेली तरी क्लाउडफ्लेअर आपली प्रत २०० आकड्यासकट देत राहील. डॅशबोर्डवर 'कॅशिंग'मध्ये जाऊन त्या पत्त्याची प्रत 'पर्ज' करा. वर्डप्रेसमध्ये वेगळं कॅश प्लगइन (पानांच्या प्रती साठवून ठेवणारं) असेल तर तेही रिकामं करा. हे सगळं झाल्यावर वरचीच एफ१२ ची तपासणी पुन्हा करा, शक्यतो मोबाइल डेटावरून. ४०४ दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पुढच्या पायरीला हात लावू नका.

पुढची पायरी म्हणजे सर्च कन्सोलमधलं 'रिमूव्हल्स'. त्यासाठी साइट तुमच्या नावावर पडताळलेली हवी. साइट बनवणाऱ्याने ती स्वतःच्या खात्यावर ठेवली असेल, तर आधी मालकी संस्थेच्या ईमेलवर आणा. निम्म्या संस्थांचं घोडं इथेच अडतं. 'टेम्पररी रिमूव्हल्स' मध्ये नवी विनंती करा, पीडीएफचा पत्ता चिकटवा, 'फक्त हाच पत्ता' निवडा. साधारण एका दिवसात तो निकालातून दिसेनासा होतो. खाली दुसरा पर्याय असतो, 'या अक्षरांनी सुरू होणारे सगळे पत्ते'. तिथे चुकून डोमेनचं नाव दिलं तर अख्खी साइट गूगलवरून गायब होते, तेव्हा जपून. विनंती मागे घेता येते, पण वाचनालयाच्या फोनवर चौकशीला उत्तरं देत बसावं लागेल.

या साधनाच्या नावातला 'टेम्पररी' शब्द गंभीरपणे घ्या. ते पान काढत नाही, सुमारे सहा महिने झाकून ठेवतं. या काळात बॉटने येऊन ४०४ पाहिला तर नोंद खरोखर जाते आणि झाकण निघालं तरी काही उरलेलं नसतं. पण पत्ता अजून २०० देत असेल, किंवा रोबोट्स फाइलने बंद असेल, तर सहा महिन्यांनी यादी जशीच्या तशी परत वर येते. 'आम्ही तर गूगलकडून काढून घेतलं होतं' असं म्हणत लोक पुन्हा माझ्याकडे येतात ते नेमके अर्धा वर्ष उलटल्यावर. म्हणूनच आधी ४०४, मग रिमूव्हल्स. क्रम उलटा केलात तर फक्त प्रश्न पुढे ढकललात.

बाकीच्या ऐंशी पानांचं काय? माझं मत विचाराल तर बहुतेकांचं काहीही करू नका. २०१६ च्या व्याख्यानाची सूचना गूगलवर आणखी तीन महिने दिसली तर कुणाचं नुकसान नाही. ४०४ नीट देत असाल तर ती आपापल्या वेळाने जातील. तो वेळ किती, हे पान किती वाचलं जात होतं आणि त्यावर किती ठिकाणांहून लिंक होत्या त्यावर ठरतं. बॉट मुखपृष्ठावर वारंवार येतो, कोपऱ्यातल्या जुन्या पानावर कधी कधी महिनोन्‌महिने फिरकत नाही. घाई करायचीच असेल तर काढलेल्या पानांच्या पत्त्यांचा एक तात्पुरता साइटमॅप (शोधयंत्रांना द्यायची पत्त्यांची यादी) बनवा, त्यात बदलाची तारीख पान काढल्याची टाका आणि सर्च कन्सोलमध्ये द्या. बॉटला पुन्हा डोकावायला निमित्त मिळतं. महिन्या-दोन महिन्यांनी तो साइटमॅप काढून टाका. नेहमीच्या साइटमॅपमध्ये मात्र डिलीट केलेली पानं राहता कामा नयेत, आणि तुमच्याच इतर पानांवरून त्यांना लिंकही नको.

सर्च कन्सोलच्या 'पेज इंडेक्सिंग' अहवालात '४०४ सापडले नाही' चा आकडा वाढलेला बघून घाबरू नका. पानं काढलीत, तर तो आकडा वाढायलाच हवा. त्याने बाकीच्या साइटच्या क्रमवारीवर परिणाम होत नाही. गूगल जुने पत्ते अधूनमधून पुन्हा तपासत राहतं, कधी कधी वर्षांनंतरही, तेही नेहमीचंच. कुणी 'तुमच्या साइटवर ८० एरर आहेत, दुरुस्त करून देतो' म्हणून फोन केला तर नम्रपणे ठेवून द्या.

एक अपवाद करा. त्या ऐंशीत जी पानं अजून लोकांच्या उपयोगाची आहेत, पण नव्या ठिकाणी हलली आहेत, त्यांना ४०४ देऊ नका. सभासद होण्याचा अर्ज, वेळापत्रक, दुर्मिळ ग्रंथांची सूची, अशा पानांचा जुना पत्ता ३०१ ने नव्या पत्त्याकडे न्या, एकेक जुळवून. आणि दुर्मिळ ग्रंथांची सूची तुम्ही नुसतीच काढली असेल, नवीन कुठेच ठेवली नसेल, तर माझी विनंती आहे की ती परत लावा. बाहेरच्या अभ्यासकांनी तिला लिंक दिलेल्या असतात, गूगलवरून तुमच्या संस्थेपर्यंत येणारा माणूस बऱ्याचदा तिच्यामुळे येतो. पान जुनं झालं म्हणून काढायचं नसतं. वर 'ही माहिती अमुक सालची आहे' अशी ओळ लिहिली की पुष्कळदा भागतं.

तुम्ही सर्च कन्सोलमधल्या 'यूआरएल इन्स्पेक्शन' मध्ये जाऊन रोज 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबता असं लिहिलंय. ते सोडा. ते बटण पान घेण्यासाठी आहे. पत्ता ४०४ देत असेल तर गूगल ती विनंती नाकारतं. मात्र त्याच पडद्यावरची 'लाइव्ह टेस्ट' कामाची आहे, गूगलच्या बॉटला या क्षणी काय दिसतं ते ती दाखवते. 'इंडेक्सिंग एपीआय' (प्रोग्राममधून थेट गूगलला पत्ते कळवण्याची सोय) वापरून पानं काढून देतो म्हणणाऱ्यांनाही दूर ठेवा. ती सोय नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरतीच आहे.

तुमची साइट नसेल तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण तुमच्या यादीची प्रत दुसऱ्या कुणीतरी आपल्या साइटवर चढवली असण्याची शक्यता आहे. प्रसंगी दिवाळी अंकवाले, सोसायट्या, ज्ञातिसंस्था अशा याद्या उचलतात. त्या साइटच्या चालकाला आधी लिहा. त्याने पान काढलं किंवा नंबर खोडले, पण गूगल अजून जुनंच दाखवतंय, तर 'रीफ्रेश आउटडेटेड कंटेंट' नावाचं गूगलचं साधन कुणालाही वापरता येतं, फक्त गूगल खातं लागतं. पान पूर्ण गेलं असेल तर पत्ता पुरतो. पान आहे पण मजकूर बदललाय, तर जुन्या मजकुरात होता आणि आता नाही असा एक शब्द द्यावा लागतो. तिथे त्या पानावरून खोडलेला नंबर, किंवा नाव खोडलं असेल तर आडनाव, दिलं की काम होतं. चालक दादच देत नसेल तर घरचा पत्ता, फोन नंबर अशी वैयक्तिक माहिती निकालांतून काढण्याचा वेगळा अर्ज गूगलकडे आहे. तो ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी करायचा. गूगल प्रत्येक अर्ज तपासतं, सगळेच मान्य होत नाहीत. आणि मान्य झाला तरी निकाल जातो, पान त्या साइटवर राहतंच.

चित्रांचं गणित जरा वेगळं. चित्रांकडे बॉट पानांपेक्षा कमी वेळा फिरकतो, म्हणून पान गेल्यावरही इमेज सर्चमध्ये छोटी चित्रं बराच काळ रेंगाळतात. यादीचं जेपीजी सापडलं तर त्याच्या पत्त्यासाठीही वेगळी रिमूव्हल्स विनंती करा. गंमत म्हणजे, चित्रांच्या बाबतीत रोबोट्स फाइलमधली बंदी गूगल इमेजेसमधून ती काढण्यासाठी खरोखर चालते. पण तुमची फाइल डिलीटच झालेली असल्याने तिची गरज नाही, आणि पुन्हा रोबोट्स फाइलला हात लावायची सवय नको.

मायक्रोसॉफ्टचं शोधयंत्र बिंग विसरू नका. डकडकगो आणि याहूचे बरेचसे निकाल तिथूनच येतात. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये पत्ते रोखण्याची सोय आहे, ती ९० दिवसांपुरती असते. साइट तुमची नसेल तर बिंगचं 'कंटेंट रिमूव्हल' साधन आहे. शिवाय २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्स या रशियन शोधयंत्राने 'इंडेक्सनाउ' सुरू केलं. त्यातून नवं पान जसं कळवता येतं तसंच काढलेलं पानही कळवता येतं, आणि वर्डप्रेससाठी त्याचं तयार प्लगइन आहे. गूगल ते वापरत नाही, त्यामुळे ते लावून गूगलची वाट पाहू नका.

राहिला इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे 'वेबॅक मशीन'मध्ये वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी संस्था. गूगलने निकालांखालची 'कॅश्ड' लिंक २०२४ च्या सुरुवातीला काढली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून निकालाविषयीच्या माहितीत वेबॅक मशीनची लिंक द्यायला लागलं. म्हणजे तुमच्या साइटच्या जुन्या प्रती आता आधीपेक्षा सहज सापडतात. एरवी मी कुणालाही अर्काइव्हमधून काही काढायला सांगत नाही. मराठी संस्थांच्या किती तरी बंद पडलेल्या साइट आज फक्त तिथेच वाचता येतात. पण लोकांचे मोबाइल नंबर हा जतन करायचा वारसा नव्हे. वेबॅक मशीनमध्ये पीडीएफचा पत्ता टाकून बघा. प्रत असेल तर संस्थेच्या डोमेनवरच्या ईमेलवरून त्यांना लिहा, फक्त त्याच पत्त्याचा उल्लेख करा आणि कारण सांगा. पूर्ण साइट काढा असं लिहू नका.

आणि कार्यकारिणीला सांगा की ही यादी किती काळ उघडी होती ते सभासदांना कळवायला हवं. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये मंजूर झालेला आहे, पण कायद्याचा धाक नसता तरी मी हेच सुचवलं असतं. ज्यांना गेल्या दोन महिन्यांत बँकेच्या नावाने भलतेच फोन आले असतील, त्यांना नंबर कुठून गेला हे कळण्याचा हक्क आहे.

आज एवढंच करा: रोबोट्स फाइलमधली ओळ काढा, प्लगइन बंद करा, क्लाउडफ्लेअर रिकामं करा, आणि पीडीएफचा पत्ता इन्कॉग्निटोमध्ये उघडून 'स्टेटस'खालचा आकडा इथे लिहा. ४०४ असेल तर लगेच रिमूव्हल्सची विनंती टाका. दुसरं काही आलं, तर होस्टिंग कोणतं आहे आणि कॅश प्लगइन कोणतं आहे तेही कळवा, मग पुढचं बघू.